पहिल्या रिळाचा ग्यानोबा

नांदेडात सगळ्यात जास्त पिक्चर कुणी पाहिले, असं विचारलं तर जुनी माणसं ग्यानोबाचं नाव घ्यायची. आणि गंमत अशी की या ग्यानोबानं उभ्या जन्मात एकही पिक्चर पुरता पाहिलेला नव्हता.

त्याचं कामच तसं होतं. त्या काळी पिक्चरची प्रिंट यायची एक आणि तो लावणाऱ्या टॉकीज असायच्या दोन. एक स्टेशनाकडं, दुसरी जुन्या गावात. स्टेशनाकडचा खेळ आधी सुरू व्हायचा. तिथं पहिलं रीळ फिरून संपलं की ग्यानोबानं ते पत्र्याच्या डब्यात घालायचं, सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं आवळायचं आणि गल्लीबोळातून जुन्या गावात न्यायचं. ते देऊन माघारी यावं तर दुसरं तयार. खेळ संपेपर्यंत हीच ये-जा. वाटेत म्हैस आडवी आली, साखळी उतरली, रेल्वेचं फाटक पडलं, की तिकडं पडदा पांढरा व्हायचा आणि लोक शिट्ट्या मारून छत डोक्यावर घ्यायचे. शिव्या टॉकीजच्या मालकाला पडत, पण त्या खऱ्या कुणाच्या हे ग्यानोबाला ठाऊक असे.

पहिलं रीळ संपेपर्यंत मात्र त्याला काही काम नव्हतं. ऑपरेटर मलप्पाच्या केबिनला एक जादा भोक होतं, त्याला डोळा लावून तो उभा राहायचा. त्यामुळं जगातल्या यच्चयावत पिक्चरांच्या सुरुवाती त्याला तोंडपाठ. पुढचं मात्र फाटक्या गोधडीसारखं, इथं एक ठिगळ, तिथं एक. मलप्पानं त्याचं नावच पाडलं होतं, पहिल्या रिळाचा ग्यानोबा.

घर मुदखेडच्या बाजूचं, कुणब्याचं. जमीन थोडी आणि भाऊ जास्त, म्हणून हा नांदेडला आला आणि टॉकीजला चिकटला. बायको केवळाबाई. तिला मोठ्या बहिणीनं, धुरपताबाईनं, आईच्या मागं वाढवलं होतं आणि ती बहीण मुदखेडलाच दिलेली होती. केवळाबाई टॉकीजला फारशी जायची नाही. अंधारात बसून लोकांची रडगाणी कशाला बघायची, म्हणायची. पण नवऱ्याच्या तोंडून पिक्चर ऐकायला तिला फार आवडायचं. ती भाकरी थापायची आणि तो चुलीपुढं बसून सुरुवात सांगायचा, अगदी जशीच्या तशी. सुरुवात संपली की पुढचं मनानं. भाकरीबरोबर ठेचा झणझणीत असला तर गोष्टीतल्या पोरीचं लग्न व्हायचं, नुसतं वरणाचं पाणी असलं तर बिचारीला विहीर जवळ करावी लागायची. केवळाबाईला हे कळायचं. "ह्ये पिक्चरचं हाय का तुमचं?" असं विचारून ती वर आणखी एक भाकरी वाढायची.

असाच एकदा घोड्यांचा पिक्चर आला. इंग्रजी. नाव कुणालाच नीट घेता येईना, म्हणून सगळे त्याला 'दोन घोडे' म्हणायचे. थोरला मुलगा सुदर्शन तेव्हा पाळण्यात होता. पुढंही कधी नवा पिक्चर वेळेवर पोचला नाही की मालक सकाळच्या खेळाला तोच लावायचा, त्यामुळं त्याचं पहिलं रीळ ग्यानोबानं इतक्यांदा पाहिलं की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं.

पडद्यावर आधी नुसता माळ. आपल्याकडं असतो तसाच, फक्त बाभळींच्या जागी निवडुंग. वारा सुटलेला. एक लाकडी घर आणि त्याच्या बाजूला पाणी उपसणारी पवनचक्की करकरत असलेली. घरापुढं दोरीवर एक बाई कपडे वाळत घालतेय, तोंडात काड्या धरून. (त्या काड्या म्हणजे कपड्याचे चिमटे, हे ग्यानोबाला पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर तो केवळाबाईला सांगायचा की त्या मुलखात बाया काम करता करता दात घासतात.) मग लांब धूळ उठते. धुळीतून दोन घोडे येतात. बाई कपाळावर हात धरून बघते. घोडे जवळ येतात तेव्हा दिसतं की स्वार एकच आहे. दुसऱ्या घोड्यावर खोगीर कसलेलं आहे, पण वर कुणी नाही. बाई दोरीवरून एक सदरा काढते, ओलाच, आणि त्याची घडी घालून छातीशी धरते. माणूस उतरतो. त्याला घाई नाही. हौदातून बादली भरतो आणि स्वतःचा घोडा सोडून आधी त्या रिकाम्या घोड्यापुढं धरतो. मग टोपी काढतो. बाई त्याच्याकडं बघते. तो बोलायला तोंड उघडतो, आणि रीळ संपतं.

अख्ख्या रिळात कुणी अवाक्षर बोलत नाही. इंग्रजी न कळणाऱ्या पब्लिकला म्हणूनच ते फार आवडायचं. पण तो माणूस तोंड उघडून काय बोलला, ते ग्यानोबाला कधीच ऐकायला मिळालं नाही. मलप्पा दुसरं मशीन सुरू करायचा, पहिल्याचं रीळ उपसून याच्या हातात कोंबायचा आणि हा जिना उतरून पळायचा. एकदा त्यानं मलप्पाला विचारलंही. मलप्पा म्हणाला, "मला काय ठाव? इंग्रजीत बोलतंय. पुढं नुसती घोडीच घोडी हायत." ग्यानोबानं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्यानं सांगितलेला शेवट त्याला नकोच असायचा.

या सुरुवातीवर नवरा-बायकोनं किती खल केला असेल त्याला सुमार नाही. ग्यानोबाचं म्हणणं, आधी पाणी रिकाम्या घोड्याला दिलं म्हणजे मेलेला माणूस याचा जिवाभावाचा दोस्त होता. आपलं जनावर तहानलेलं ठेवून कुणी दुसऱ्याचं उगाच पाजत नाही. केवळाबाई वेगळंच विचारायची.

"सदरा काढला, मग बाकीचे कपडे वाळत घालायची थांबली का ती?"

"न्हाई. घालतच राहिली."

"मंग तिला कळलंय. ज्याचा सदरा त्यो आता घालायला येत न्हाई, ह्ये तिला धुळीतच कळलंय. कपडे न्हाई घातले तर हात काय करतील तिचे?"

ग्यानोबा चाट पडायचा. त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. पण बाळंतिणीपुढं मरणाची गोष्ट नको म्हणून त्यानं या पिक्चरचा शेवट गोड करून टाकला होता. घोडा दमला, म्हणून दुसऱ्याला दया आली, म्हणून तो उतरला, आणि मागून पायी येऊन राहिला. केवळाबाई हसायची. "असं असतं तर ह्या बाबानं आल्या आल्या सांगितलं नसतं का? टोपी कामून काढली?" ग्यानोबा म्हणायचा, "सांगतोय की, दुसऱ्या रिळात."

सुदर्शन मोठा झाला. त्याच्या पाठीवर पुनम झाली. सुदर्शन बापासारखाच सडसडीत, सायकल मारण्यात बापाहून तरबेज, आणि बारावी झाल्यावर एका दुकानात हिशेब लिहायला लागलेला. पोळ्याचा दुसरा दिवस होता. दोस्तांबरोबर तो गंगेवर पोहायला गेला. नांदेडात गोदावरीला गंगाच म्हणतात. पाणी वरून शांत दिसत होतं. दोघे काठाला लागले आणि सुदर्शन लागला नाही.

निरोप आला तेव्हा ग्यानोबा डबा घेऊन टॉकीजबाहेर पडत होता. डबा त्यानं तिथंच पायरीवर ठेवला. त्या दिवशी जुन्या गावातला पडदा पांढरा झाला तो झालाच. घाटावर भोई लोकांनी होड्या घातल्या, गळ टाकले, दिवस कलला तरी हाताला काही लागेना. सुदर्शनची सायकल घाटाच्या वर स्टँडवर उभी होती, ओरखडासुद्धा न उमटलेली. गल्लीतल्या एका वडीलधाऱ्यानं ग्यानोबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "तू घरी जा. बाईमाणसाजवळ थांब. पण एकदम सांगू नको, जीव जाईल तिचा." आणि ती सायकल त्याच्या हातात दिली.

मेल्याची बातमी सरळ सांगायची आपल्याकडं रीतच नाही. 'जरा सिरियस हाय' म्हणायचं, 'चला, बोलावलंय' म्हणायचं, घर जवळ आलं की दारातल्या चपलांवरून त्याचं त्याला कळू द्यायचं. याला आपण माया म्हणतो. खरं तर तो भित्रेपणा असतो, आणि वेळ आली की आपण सगळेच तो करतो.

ग्यानोबा दोन सायकली घेऊन निघाला. एका हातात आपली, दुसऱ्या हातात पोराची. दोन सायकली घेऊन चालणारा माणूस बसता येत नाही म्हणून चालतच राहतो, तसा तो चालत राहिला. गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा केवळाबाई अंगणात दोरीवर कपडे घालत होती. तिनं वर पाहिलं. दोन सायकली पाहिल्या, माणूस एक पाहिला. दोरीवर सुदर्शनचा निळ्या रेघांचा सदरा होता, ओला. तो तिनं काढला, घडी घातली आणि पोटाशी धरला.

ग्यानोबाला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आजवर बायकोला सांगितलेल्या सगळ्या शेवटांमधला एकच त्याच्या जिभेवर आला.

"येऊन राहिलाय मागून," तो म्हणाला. "पायी."

केवळाबाईनं बादलीतलं पुढचं धुणं उचललं आणि पिळून दोरीवर घातलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं कळलं, तिलाही कळलं, लपवण्यासारखं काही राहिलं नाही. पण देह सापडला नाही. ग्यानोबा पार धर्माबादेपलीकडं गंगाकाठानं हिंडून आला. कुणी म्हणालं, खाली एका देवळात असा पोरगा दिसला. तेवढं त्याला पुरलं. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. भावकीनं तसं सुचवलं तर ग्यानोबा अंगावर धावून गेला. माझा पोरगा मेलेला नाही, म्हणाला. दहावा नाही, तेरावा नाही. पितरांच्या पंधरवड्यात सगळ्यांची पानं वाढली जायची, सुदर्शनचं नाही. केवळाबाई रडायला लागली की हा म्हणायचा, "जित्या पोराच्या नावानं रडतीस?" मग ती पदर तोंडात धरायची आणि उठून जायची.

वर्षातून एखाद्या वेळी, काहीतरी निवडत बसलेली असताना, ती मान वर न करता विचारायची, "कुठवर आला असंल?" ग्यानोबाला वाटायचं, बिचारी अजून वाट बघते. तो म्हणायचा, "यील गं. दमलाय, पायी हाय." त्याला वाटायचं आपण तिला धीर देतोय. पिक्चर सांगणं मात्र बंद झालं. तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितला नाही.

वर्षं जायची तशी गेली. आधी प्रिंटा वाढल्या, मग टॉकीजच आटोपल्या. स्टेशनाकडच्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. मलप्पा वारला. ग्यानोबानं एका लॉजवर राखणदारी केली, ती गुडघ्यांनी सोडवली. पुनमचं लग्न होऊन ती लातूरला गेली. लातूरला क्लासच्या पोरांची जत्रा बारा महिने असते, त्यांच्यासाठी ती आणि जावई मेस चालवतात. बरं चाललंय.

यंदा केवळाबाईच्या पोटात पाणी व्हायला लागलं. नांदेडात दाखवलं, मग पुनमनं लातूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि पुनमला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, त्यांना काय आवडतं ते खाऊ घाला. पुनमनं बाहेर येऊन आईला सांगितलं, "माय, औषधं लिहून दिलीत, बरी होशील." रीत ती रीत. केवळाबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "पोरगी तुमच्यावर गेली."

मेसच्या मोठ्या खोलीत, खिडकीखाली, तिची खाट टाकली होती. नांदेडहून येताना तिनं एकच पिशवी आणली होती. त्यात दोन लुगडी होती आणि तळाला तो निळ्या रेघांचा सदरा. ग्यानोबानं तो पाहिला आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधून ठेवलं. त्याला कळत होतं की आता वेळ फार नाही. त्या एका वाक्याचं ओझं घेऊन बायको चाललीय, आणि ते आपणच उतरवायचं आहे, हेही कळत होतं. रोज सकाळी तो खाटेशी बसायचा, मनाशी जुळवाजुळव करायचा, आणि उठताना विचारायचा, "च्या घेतीस का?"

एके दुपारी पोरं जेवून क्लासला गेली होती. केवळाबाई म्हणाली, "तुमचा त्यो दोन घोड्यांचा पिक्चर आता कुठं बघायला मिळंल का?"

ग्यानोबानं हातातली कपबशी खाली ठेवली. "आता कामून?"

"मला बघायचंय. नुसतं ऐकलंच की जलमभर. दुसरा येतोय का न्हाई ते मला डोळ्यांनी बघायचंय."

पुनमनं फोन काढला. नाव तर माहीत नाही. दोन घोडे, एक माणूस, कपडे वाळत घालणारी बाई, जुना काऊबॉयचा पिक्चर, असं काय काय ती फोनला सांगत बसली. फोननं भलभलते पिक्चर दाखवले. प्रत्येकाची सुरुवात बघून ग्यानोबा मान हलवायचा आणि त्याला मनातल्या मनात हायसं वाटायचं. दोन-तीन दिवस हेच चाललं. मग एका दुपारी फोनवर करकर आवाज आला, आणि बघायच्या आधीच ग्यानोबा म्हणाला, "ह्योच. ही पवनचक्की."

हिंदीत डब केलेला होता. पुनमनं तो मेसच्या टीव्हीवर लावला, आईच्या पाठीला उशा दिल्या, आणि तिघं बसली.

माळ आला. वारा आला. बाई आली. "दात घासून राहिली बगा," केवळाबाई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, हसताना पोट दुखलं. धूळ उठली. दोन घोडे आले. ग्यानोबा पडद्याकडं बघतच नव्हता. बायकोचा हात त्यानं धरला होता आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. तिनं जे इतकी वर्षं मनात पाहिलं होतं ते आता समोर पाहत होती. सदरा निघाला, घडी झाली. केवळाबाईचा हात त्याच्या हातात घट्ट झाला. बादली भरली गेली. रिकामा घोडा पाणी प्यायला. टोपी निघाली. त्या माणसानं तोंड उघडलं.

पूर्वी इथंच रीळ संपायचं. आता ते संपलं नाही.

"तुम्हारे लिए घोड़ा लाया हूँ," तो माणूस म्हणाला. "चलो."

बाईनं तोंडातले चिमटे काढून टोपलीत टाकले. आत गेली. बाहेर आली तेव्हा तो सदरा तिच्याच अंगात होता, ओलाच, बाह्या वर केलेल्या. ती रिकाम्या घोड्यावर चढली आणि दोघं आले तसे धुळीत निघून गेले. दोरीवरचे कपडे मागं हलत राहिले.

ग्यानोबाला लाज वाटली. इतक्यांदा पाहिलेली गोष्ट, आणि मुळातच चुकलेली. मेलं कुणीच नव्हतं. ताज्या दमाच्या घोड्याला आधी पाणी एवढ्यासाठीच पाजलं होतं, की त्याला आता ओझं घेऊन जायचंय.

"आपलं समदंच चुकलं की गं," तो म्हणाला.

"सदरा तिचाच निघाला," केवळाबाई म्हणाली. ती अजून पडद्याकडंच बघत होती. "आपण रिकामं खोगीर बगितलं की मेलंच समजून बसलो. त्यो तर तिला न्यायला आल्ता." मग तिनं लेकीला सांगितलं, "बंद कर, पुनम. पुढचं नगं मला."

पुनमनं टीव्ही बंद केला.

"ऐकलं का," केवळाबाई नवऱ्याला म्हणाली. "मला बी न्यायला आलंय. आता त्यानं मागून पायी कशाला यावं, म्याच जाते त्याच्याकडं. पर जायच्या आत तुमी बोला. एकदा बोला."

ग्यानोबानं पायाशी सरकलेली तिची गोधडी वर ओढली.

"म्या सदरा काढला तवाच मला कळलं व्हतं. कुठवर आला म्हून इचारत व्हते, ते तुमी खरं सांगावं म्हून. मी आई. माझ्या तोंडानं कसं म्हणू? बापानं म्हणायचं असतंय. तुमच्या त्या एका शब्दापायी मला माझ्या लेकरासाठी धड रडता बी आलं न्हाई हो."

हे ती रागानं म्हणाली. आजारपणात एवढा मोठा आवाज तिचा कुणी ऐकला नव्हता. पुनम उठून दाराशी गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली.

"सुदर्शन गेला, केवळे," ग्यानोबा म्हणाला. "त्याच दिशी गेला. गंगेत गेला. मागून कोनी येत न्हवतं."

"हाव," केवळाबाई म्हणाली.

मग ती रडली. पदर तोंडात न धरता, भरल्या घरात रडतात तशी. ग्यानोबाही रडला. त्यांचा पोरगा जाऊन इतकी वर्षं झाली होती, आणि त्याच्यासाठी दोघं मिळून रडत होती ती त्या दुपारी पहिल्यांदा.

तिच्या डोळ्यांदेखतच सगळं करायचं ठरलं. जावयानं गुरुजींना आणलं. पळसाची पानं आणली. अंगणात पानांचा माणूस बांधला तेव्हा केवळाबाईची खाट दारात आणून ठेवली होती. तो निळ्या रेघांचा सदरा तिनं स्वतःच्या हातानं त्याला घातला. गुंड्या जुन्या झाल्या होत्या, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. गळ्याजवळची गुंडी लावून झाल्यावर तिनं कॉलर नीट केली, जशी तो दुकानात निघताना करायची तशीच. मग ग्यानोबा आणि जावई त्याला घेऊन गेले. अग्नी ग्यानोबानं दिला. घरी आल्यावर तिनं विचारलं, "नीट जळलं का?" तो म्हणाला, "नीट जळलं." त्या रात्री ती गाढ झोपली, असं पुनम सांगते.

आठवडाही निघाला नाही. केवळाबाई सकाळच्या वेळी गेली, मेसच्या आचाऱ्यानं फोडणी घातली होती तेव्हा. ग्यानोबा जवळच होता.

दिवस झाल्यावर तो लातूरहून निघाला तो थेट मुदखेडला उतरला. हातात केवळाबाईची पिशवी होती, त्यात आता नुसती लुगडी होती. थोरली बहीण म्हणून एक लुगडं धुरपताबाईला द्यायचं होतं. धुरपताबाई नव्वदीला टेकलेली, डोळे पार गेलेले. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. स्टेशनवर तिचा लेक घ्यायला आला होता. वाटेत तो म्हणाला, "काका, मायपुढं काही बोलू नका बरं का. केवळामावशी लातूरला बरी हाय, सावकाश यील, एवढंच सांगा. लई थकलीय, सोसायचं न्हाई तिला." शेजारच्या दोघी-तिघींनीही दारातच ग्यानोबाला तेच खुणेनं सांगितलं.

धुरपताबाई ओसरीवर बसली होती. चपलांचा आवाज आला तशी तिनं मान वळवली. थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिली.

"पावनं," ती म्हणाली, "एकाचीच पावलं वाजून राहिलीत. केवळी कुठाय?"

लेकानं मागून ग्यानोबाच्या सदऱ्याला धरून ओढलं. ग्यानोबानं पिशवी खाली ठेवली. रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, म्हातारीच्या दोन्ही हातांत नीट दिलं आणि ती दोन घोट पिईपर्यंत थांबला. मग तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आक्का," तो म्हणाला, "केवळा गेली. लातुरात, पुनमच्या घरी गेली. मी जवळ होतो. मागून कोनी येत न्हाई."

धुरपताबाईनं तांब्या चाचपडत बाजूला ठेवला. हात पुढं करून त्याचं डोकं शोधलं, ते आपल्याकडं ओढून घेतलं, आणि आपल्या हातांनी वाढवलेल्या धाकट्या बहिणीच्या नावानं मोठ्यानं रडायला लागली.